आधी केमो-रेडिएशन, मग शस्त्रक्रिया?

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला असून तो बाजूच्या ऊतींत पसरल्याने २बी टप्प्यात आहे, असे निदान झाले आहे. डॉक्टरांनी केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देण्याचे ठरवले आहे. ओळखीच्या एका बाईंना जननेंद्रियाच्या कर्करोगासाठी हेच दोन्ही उपचार देऊन नंतर शस्त्रक्रिया केली होती. ताईची गाठ आधीच काढून का टाकत नाहीत? निदान नंतर तरी शस्त्रक्रिया होईल ना?

उत्तर : गाठ शरीरात ठेवून उपचार करायचे, हे घरच्यांच्या मनाला पटत नाही आणि त्यात आपले काही चुकत नाही. परंतु रोग गर्भाशयाच्या बाजूच्या ऊतींत शिरला, की शस्त्रक्रियेने तो समूळ निघेल याची खात्री उरत नाही. पेशी मागे राहिल्या तर पुन्हा रेडिएशन द्यावेच लागते आणि मग दोन्ही उपचारांचे दुष्परिणाम एकाच शरीराला सोसावे लागतात. त्यामुळे या टप्प्यावर केमो-रेडिएशन हाच रोग बरा करण्यासाठी दिला जाणारा मुख्य उपचार आहे. ती शस्त्रक्रियेची पूर्वतयारी नव्हे.

यात आठवड्यातून एकदा दिले जाणारे सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध किरणांमुळे कर्कपेशींच्या डीएनएला झालेली इजा त्यांना भरून काढू देत नाही, म्हणून तेवढ्याच किरणांचा परिणाम वाढतो. १९९९-२००० मध्ये एका पाठोपाठ प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनंतर ही पद्धत जगभर रूढ झाली. या औषधाचा भार मूत्रपिंडांवर पडत असल्याने दर आठवड्याला रक्ततपासणी करतात. रक्तक्षयात किरणांचा परिणाम कमी होत असल्याने हिमोग्लोबिनवरही लक्ष ठेवावे लागते.

उपचारानंतर सरसकट गर्भाशय काढल्याने आयुष्य वाढते, असे आढळलेले नाही. उलट, किरण घेतलेल्या ऊती सावकाश भरतात आणि मूत्राशयाला किंवा गुदाशयाला भगेंद्र, म्हणजे नको तिथे छिद्र, पडण्याचा धोका वाढतो. साधारण तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत रोग शिल्लक दिसला आणि तो गर्भाशयापुरताच असला, तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आपल्या ओळखीच्या बाईंचा कर्करोग बहुधा बाह्य जननेंद्रियाचा, म्हणजे व्हल्व्हाचा असावा. तेथे हिशेब वेगळा आहे. मोठ्या गाठीसोबत मूत्रमार्ग किंवा गुदद्वारही काढावे लागेल अशी स्थिती असेल, तर आधी केमो-रेडिएशनने गाठ आक्रसून घेतात आणि मग मर्यादित शस्त्रक्रिया पुरते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिस्प्लॅटिनसह ५७.६ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचे एकक) रेडिएशन दिल्यावर ६४ टक्के स्त्रियांमध्ये दिसणारी गाठ पूर्ण नाहीशी झाली.

ताईंच्या बाबतीत माझी कळकळीची विनंती एकच आहे. बाहेरून रेडिएशन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रक्तस्राव थांबतो, बरे वाटू लागते, आणि अनेक कुटुंबे ब्रेकीथेरपी, म्हणजे गाठीजवळ आतून दिले जाणारे रेडिएशन, पुढे ढकलतात किंवा सोडूनच देतात. बाहेरचे रेडिएशन सुमारे ४५ ते ५० ग्रेपर्यंतच देता येते. आतड्याला आणि मूत्राशयाला वाचवून गाठीला उरलेला मोठा डोस आतूनच द्यावा लागतो. ब्रेकीथेरपीसह सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हायला हवा, म्हणून तिच्या तारखा आजच ठरवून घ्या.