नोकरी सोडून आले, ते पाप झालं का?

प्रश्न : मी जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतलेली परिचारिका. साडेतीन वर्षं छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात होते. डॉक्टरसाहेब पेशंटसमोर आईवरून बोलायचे, केसपेपर अंगावर फेकायचे. लागोपाठ चार-पाच नाइट लावायचे, आणि सलाईनचा स्टँड मोडला तरी पैसे पगारातून कापायचे. दोन महिन्यांपूर्वी नाइट संपवून निघाले ती परत गेलेच नाही. आता अंबड तालुक्यात माहेरी आहे. शेवटच्या 17 दिवसांचा पगार आणि माझी मूळ सर्टिफिकेटं तिकडंच अडकलीत. चर्चच्या मंडळीतले एक वडीलजन म्हणाले, ‘कठोर धन्याच्याही अधीन राहा असं बायबलात पेत्रानं लिहिलंय, तू वधस्तंभ टाकून आलीस.’ पहाटे चारला दचकून जाग येते, फोन वाजला की हात कापतात. माझं चुकलं का?
एक बहीण, जिल्हा जालना

उत्तर : ताई, तुम्ही निघालात हे पाप नाही. नोटीस न देता निघालात ही व्यवहारातली त्रुटी आहे, ती पुढं निस्तरू. दोन्हींची गाठ मारू नका.

ते वचन 1 पेत्र 2:18 मधलं. पेत्रानं ते घरातल्या दासांना लिहिलं. रोमी राज्यात दासाला राजीनामा नव्हता. पळाला तर धरून आणून शिक्षा व्हायची. ज्याला दारच नाही त्याला धीर देणारं हे वचन, दार असलेल्या माणसाला आत कोंडायला वापरणं बरोबर नाही. दासांनाच प्रेषित पौल 1 करिंथ 7:21 मध्ये सांगतो की मोकळं होता येत असेल तर अवश्य हो. आणि अनुवाद 23:15-16 तर म्हणतं, धन्याकडून पळून तुमच्याकडं आलेल्या दासाला परत धन्याच्या हवाली करू नका, त्याला आवडेल तिथं राहू द्या. ही ओवी वडीलजनांनाही वाचून दाखवा. वधस्तंभ ख्रिस्तासाठी उचलायचा असतो, कुणाच्या तापट स्वभावासाठी नाही.

आता पहाटे दचकून जाग येते त्याबद्दल. 1 राजे 19 काढा. ईजबेल राणीच्या धमकीनं एलीया संदेष्टा पळाला, रानात रतामाच्या झुडपाखाली बसला आणि ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, विश्वास कमी पडला असंही म्हणाला नाही. ‘ऊठ, खा’ एवढंच. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीयानं खाल्लं आणि पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवून परत खाऊ घातलं. मग 40 दिवसांची वाट, आणि होरेब डोंगराला पोचल्यावर कुठं प्रश्न आला, ‘तू इथं काय करतोस?’ आपल्याकडं हा क्रम नेमका उलटा होतो. माणूस दारात आला की आधी प्रश्न, मग वचन, आणि भाकरीचं कुणाच्या लक्षातच राहत नाही.

तेव्हा आधी शरीर. लागोपाठच्या नाइटनं झोपेचं घड्याळ मोडतं, ते नेमानं वागल्याशिवाय बसत नाही. रात्री कितीही वाजता झोप लागो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवा आणि उठल्यावर अर्धा तास अंगणात उजेडात बसा. दुपारी चारनंतर चहा नको. मोबाइलची रिंग आजच बदला. त्याच आवाजावर तुम्हाला साडेतीन वर्षं रात्री-बेरात्री बोलावलं गेलंय, म्हणून मन सावरायच्या आधी हात कापतात. दवाखान्याचे नंबर सायलेंटवर टाका, बोलायचंच झालं तर भाऊ बोलेल. पहाटे जाग आली की पडल्या पडल्या डोक्यात भांडत राहू नका. उठून बसा, पाय फरशीला टेकवा, श्वास घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा, असं दहा वेळा. मग स्तोत्र 4 मधली आठवी ओवी, तेवढी एकच, सावकाश. संबंध अध्याय उरकायचा नाही. दोन महिन्यांनीही हे चालूच आहे, म्हणून जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही उचलतात. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी लावा आणि घरात कुणाला तरी उठवा. बीपीची गोळी घेताना विश्वास आड येत नाही, इथंही येत नाही.

मग कागद. नेमणूकपत्र असेल तर त्यातली नोटिशीची अट वाचा. एक महिन्याची असेल तर ते तेवढ्या पगाराच्या रकमेवर दावा सांगू शकतात, पण त्यासाठी तुमची सर्टिफिकेटं धरून ठेवता येत नाहीत. पदविका आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तुमची आहे, तारण नाही. एका पानाचं पत्र लिहा : रुजू तारीख, शेवटची ड्युटी कोणती, किती दिवसांचा पगार बाकी, कोणती मूळ कागदपत्रं त्यांच्याकडं आहेत, आणि 15 दिवसांत दोन्ही द्यावीत. रक्कम आकड्यात घाला. पगार 16,000 असेल तर 16,000 भागिले 30 गुणिले 17, म्हणजे 9,067 रुपये. शिव्यांचा हिशेब या पत्रात नको, तो वेगळ्या कागदावर तारीखवार लिहून ठेवा. पत्र स्पीड पोस्टानं, पोच घेऊन पाठवा. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला लिहिलेला लांबलचक मेसेज पुढं तुमच्याच विरोधात वाचला जातो.

पुरावा म्हणून बँकेचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, ड्युटी चार्टचे फोटो आणि ग्रुपवरचे ड्युटीचे मेसेज पुरतात. ग्रुपमधून काढलं तरी जुने मेसेज तुमच्या फोनमध्ये राहतात, फोन बदलण्याआधी ते ईमेलवर पाठवून ठेवा. पेशंटचे केसपेपर मात्र पुरावा म्हणून जोडू नका, ती त्यांची खासगी माहिती.

नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर कामाच्या दोन दिवसांत पगार चुकता करायचा असतो. तुम्ही लेखी राजीनामा दिलेला नाही, म्हणून त्याच पत्रात शेवटच्या ड्युटीच्या तारखेपासून नोकरी सोडली असं स्पष्ट लिहा. उत्तर आलं नाही तर पत्राची प्रत आणि पोच घेऊन कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. दवाखाना संभाजीनगरचा आहे, म्हणून अर्जही तिथंच. वकील हवा असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. स्त्रियांना तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

घोळ बहुतेक वेळा एका जागी होतो. ‘या, बसून मिटवू’ म्हणून बोलावतात आणि ‘सर्व येणे मिळाले’ अशा व्हाउचरवर किंवा मागच्या तारखेच्या राजीनाम्यावर सही घेतात. एकटीनं जाऊ नका. सही केलीच तर स्वतःच्या अक्षरात रक्कम, आजची तारीख आणि ‘एवढीच रक्कम मिळाली’ हे शब्द.

पीएफ कापला जात असेल तर मालकानं नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही म्हणून पैसे अडतात. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये जाऊन आधारच्या ओटीपीवर ती तारीख स्वतःला टाकता येते. पैसे काढण्याची घाई नको. नवी नोकरी लागली की खातं तिकडं वळवा, कारण पेन्शनला दहा वर्षांची सेवा मोजतात आणि तुमची साडेतीन त्यात धरली जातील.

मुलाखतीत विचारलंच तर : ‘ड्युटीच्या वेळा आणि कामाची पद्धत मला झेपली नाही.’ खोटं नाही, निंदाही नाही.

प्रश्न : मालकाला क्षमा केली असं मी प्रार्थनेत म्हटलं. मग थकलेल्या पगाराची तक्रार चालू ठेवणं ढोंग ठरतं का?
एक तरुण, लातूर

उत्तर : नाही. 1 शमुवेल 24 मध्ये जिवावर उठलेला शौल राजा गुहेत हाती सापडला तरी दाविदानं हात उगारला नाही, झग्याचा काठ तेवढा कापला. शौल रडला, पश्चात्तापाचं बोलला. त्या अध्यायाची शेवटची ओवी नीट वाचा : शौल घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर. क्षमा झाली, पण दावीद राजवाड्यात परत गेला नाही. पौलाला फिलिप्पै शहरात अधिकाऱ्यांनी चौकशीविना फटके मारले आणि सकाळी गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा ‘त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं’ असं तो अडून बसला. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, हे अनुवाद 24:15 मध्ये आहे. क्षमा तुमच्या मनातल्या रागाची. मजुरी थकवल्याची हाक सेनाधीश प्रभूच्या कानी गेली असं याकोब 5:4 म्हणतं, तीच हाक तुम्ही अर्जात लिहिताय.

प्रश्न : आमच्या मंडळीतली एक बहीण अशीच नोकरी सोडून घरी बसली आहे. तिचा मालकही याच उपासनेला येतो. आम्ही काय करावं?
स्त्री मंडळ, नांदेड

उत्तर : पहिल्या भेटीत ‘यात देवाची योजना असेल’ म्हणू नका. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडलं आणि बिघडलं. जाताना पाच किलो ज्वारी, तेलाची पिशवी न्या, लेकरांची फी कधी भरायची ते विचारा. कामगार कार्यालयात तिच्यासोबत दोघीजणी जा. तिचं नाव प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकू नका. विनंतीची बातमी व्हायला एक दुपार पुरते.

मालक मंडळीतला असला की जखम खोल जाते. शत्रूनं निंदा केली असती तर सोसली असती, पण तू माझा सोबती, देवाच्या घरी बरोबर चालणारा, हे स्तोत्र 55 मधलं दुःख तेच आहे. पाळकसाहेबांनी दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावू नये. आधी तिला एकटीला ऐकावं, आणि मालकाची वर्गणी मोठी आहे हे त्या वेळी विसरावं. विषय लैंगिक त्रासाचा असेल तर मंडळीनं न्यायनिवाडा करायचाच नाही. 2013 च्या कायद्याखाली शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते, नोकरी सोडली असली तरीही. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर तिथल्या अंतर्गत समितीकडं, नसतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं. समजुतीच्या बैठकांत ते तीन महिने निघून जातात, म्हणून आधी तिला शेवटच्या घटनेची तारीख विचारा.