हरलेल्या लढाईचा दिवस का पाळायचा?

चि. ओवीस अनेक आशीर्वाद.

पन्हाळा ते पावनखिंड चालून आलेल्या तुझ्या मामेभावाचे चिखलाने माखलेले फोटो पाहून तू विचारलेस, की जेथे आपलीच माणसे मारली गेली, तेथे मराठी लोक दर जुलैत भर पावसात इतक्या हौसेने का जातात. हरलेल्या लढाईचा कसला उत्सव? फोनवर मला याचे धड उत्तर देता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

खिंडीत उभ्या राहिलेल्या माणसांना ती लढाई जिंकायची नव्हतीच. त्यांना हवा होता तो वेळ. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. १२ जुलैच्या रात्री, आषाढातल्या पावसाचा आडोसा घेऊन, शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह गडाबाहेर पडले आणि विशाळगडाच्या वाटेला लागले. सिद्दी मसूद पाठलागावर होता. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे थोरले बंधू फुलाजी बांदल देशमुखांच्या तुकडीनिशी मागे थांबले आणि महाराज पुढे गेले. जागा अशी अरुंद, की पाठलाग करणारे कितीही असले तरी एका वेळी थोड्यांनाच पुढे येता यावे. विशाळगडालाही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होताच. तो फोडून महाराजांना वर जावे लागले, म्हणजे खिंडीतल्यांना ठरल्याहून अधिकच वेळ तग धरावा लागला असणार. गडावरून इशारतीच्या तोफा ऐकू येईपर्यंत बाजींनी प्राण सोडला नाही, असे पोवाडे सांगतात. तपशिलांवर इतिहासकार वाद घालतात आणि त्यांनी तो घालावाही, परंतु महाराज विशाळगडी पोहोचले याबद्दल दुमत नाही. ज्या कामासाठी ती माणसे थांबली होती ते काम झाले, म्हणून त्या लढाईला हार म्हणायला मी तयार नाही.

तू मार्सेयमध्ये वाढलीस, तेव्हा हीच गोष्ट तुला तिकडच्या उदाहरणावरून लवकर पटेल. ३० एप्रिलला जवळच्या ओबान्यला फॉरेन लीजनचे, म्हणजे फ्रान्सच्या सैन्यातल्या परदेशी शिपायांच्या दलाचे, संचलन आपण पाहत असू, ते आठव. ३० एप्रिल १८६३ रोजी मेक्सिकोत, फ्रेंचांनी प्वेब्ला शहराला घातलेल्या वेढ्याकडे निघालेल्या रसद-खजिन्याच्या तांड्याच्या रक्षणासाठी लीजनचा कॅप्टन दांजू पुढची वाट तपासत निघाला होता. त्याच्याबरोबरचे सारे मिळून ६५ जण. कामेरोन येथील एका वाडीत त्यांना सुमारे दोन हजार मेक्सिकन सैनिकांनी गाठले. दांजू दुपारपूर्वीच पडला. पाणी नाही, डोक्यावर ऊन, तरीही संध्याकाळपर्यंत ती वाडी पडली नाही. काडतुसे संपत आल्यावर उरलेले पाच जण संगिनी रोखून बाहेर धावले. त्यांतले जे जगले त्यांनी शरण जातानाही अट घातली, की शस्त्रे आमच्याकडेच राहतील आणि आमच्या जखमींवर उपचार होतील. ती अट मान्य झाली. तांडा मात्र वाचला.

दांजूचा डावा हात पूर्वीच तुटला होता आणि तो लाकडी हात वापरत असे. तो लाकडी हात पुढे सापडला, आणि आजही त्या दिवशी त्याच्या पेटीसह एक निवडलेला सैनिक तो मिरवत स्मारकापर्यंत नेतो. मग त्या दिवसाचा वृत्तांत सर्वांसमोर मोठ्याने वाचला जातो. सकाळी अधिकारी स्वतः शिपायांना कॉफी देतात, हे मला सर्वांत आवडते. सैनिक अशा दिवशी शोक करत बसत नाहीत. तो दिवस ते दरवर्षी हातापायांनी पुन्हा करतात, आणि चिखल तुडवत साठेक किलोमीटर चालणारी आपली मुले वेगळे काही करत नाहीत.

आपल्या सैन्याच्या इतिहासात असाच रेझांग ला आहे. चीनशी झालेल्या युद्धात, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, लडाखमधल्या या खिंडीत मेजर शैतान सिंग यांची कुमाऊँ रेजिमेंटची तुकडी जवळजवळ संपूर्ण कामी आली. वाचलेल्या मोजक्या जवानांच्या सांगण्यावर प्रथम अनेकांचा विश्वासच बसेना. पुढच्या वर्षी बर्फात गोठलेले देह सापडले, तेव्हा कित्येकांच्या हाती शस्त्रे तशीच होती. चुशूलला त्यांचे स्मारक आहे, आणि त्या जवानांपैकी बहुतेक हरियाणातल्या ज्या अहिरवाल भागातले होते, तेथे रेवाडीलाही आहे.

एका बाबतीत मात्र आपले चुकते असे मला वाटते. आपण एकच नाव लक्षात ठेवतो. फुलाजींचे नाव किती जणांना ठाऊक असते? खिंडीत पडलेले बहुतेक बांदलांचे होते, आणि महाराजांनी पुढे दरबारात मानाचे पहिले पान बांदलांना दिले असे परंपरा सांगते, म्हणजे हिशेब त्यांनी तरी नीट ठेवला होता. शिवा काशीद हा नाभिक तर खिंडीपर्यंत पोहोचलाच नाही. तो महाराजांसारखा दिसे, म्हणून महाराजांच्या वेषात पालखीत बसून जाणूनबुजून शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला. शेवटपर्यंत झुंज देणे म्हणजे नेहमी तलवार चालवणेच असते असे नाही. त्याने तर ती चालवलीही नाही.

पुढच्या जुलैत जाण्याचा तुझा विचार पक्का असेल तर मामाला आताच कळव, कारण नावे लवकर नोंदवावी लागतात. बूट नवे घेऊ नकोस, वापरलेले आणि घट्ट पकड असलेले घे. मसाई पठारावर धुके असते आणि पुढे भातखाचरांच्या बांधांवरून चालावे लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेबापूरला शिवा काशीदांच्या समाधीवर जा आणि भावालाही बरोबर ने, कारण त्याच्या फोटोंत ती जागा मला दिसली नाही.

तुझी,
आई