टाके सुकले, पण पेज सुटेना

ऑपरेशन झालेल्या माणसाला मासे कधीपासून द्यायचे, हा आमच्या किनारपट्टीवरचा हमखास प्रश्न. माझ्याकडे आहाराच्या समुपदेशनाला येणाऱ्या घरांत सासू-सुनेच्या कुरबुरींइतकाच तोही निघतो, आणि बऱ्याचदा त्या कुरबुरींच्या मुळाशी तोच असतो. त्यातलीच ही एक गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

मालवणजवळच्या गावातल्या काकी, पन्नाशीच्या. गर्भपिशवी काढायचं पावसाळ्याआधीच ठरलं होतं, पण "गणपती होऊंदेत" म्हणत थांबल्या. ऑपरेशन नीट झालं. तीन आठवडे होत आले तरी उठलं की चक्कर, जिना चढला की धाप. डॉक्टरांनी तपासलं, टाके सुकलेत म्हणाले, रक्त थोडं कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या आणि "आता सगळं खा" म्हणून घरी पाठवलं. काकींचा मात्र ग्रह झाला की आपल्यापासून काहीतरी लपवताहेत. सून वैतागून माझ्याकडे घेऊन आली.

मी म्हटलं, "काकी, काल सकाळपासून पोटात काय काय गेलं, तेवढं सांगा."

सकाळी चहा आणि दोन बटर, म्हणजे बेकरीतले कडक पाव. अकराला पेज. दुपारी आटवल, म्हणजे मऊ भात, आणि मुगाच्या वरणाचं वरचं पाणी. संध्याकाळी चहा. रात्री परत पेज. वरणाचं नुसतं पाणीच का, असं विचारल्यावर सून म्हणाली, "डाळ जड पडेल म्हणून खालची आम्ही खातो." म्हणजे जखम भरायला जे लागतं ते निरोगी माणसांच्या ताटात, आणि जिला गरज तिला पिवळं पाणी!

पेजेला मी नावं ठेवणार नाही. भूल आणि पोटातलं ऑपरेशन यांमुळे आतडी काही काळ मंदावलेली असतात, तेव्हा उकड्या तांदळाची पेजच बरी. पण ती सुरुवातीच्या दिवसांची. जखम भरताना शरीराला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. काकींच्या पोटात त्याच्या निम्मीही जात नव्हती. चक्कर येणार नाही तर काय?

हे सगळं मी समजावलं, त्यांनी मान डोलावली, आणि मग म्हणाल्या, "ता सगळा खरा बाईनू, पण मासे खाल्ल्यार टाके पिकतत."

इथे आकडे उपयोगाचे नसतात. असं कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर जाऊ, शेजारीण, मुंबईची नणंद, सगळ्यांची नावं आली. शेवटी बहिणीचं निघालं. तिचे टाके उसवले होते, पू झाला होता, महिनाभर ड्रेसिंग चाललं. आणि त्याआधी दोन दिवस तिने बांगड्याचं तिखलं खाल्लं होतं. ते काकींनी डोळ्यांनी पाहिलेलं. मग त्यांच्या भीतीला अंधश्रद्धा म्हणून कसं चालेल?

"बहिणीला साखर होती?"

थोडा वेळ गप्प बसल्या. "होती. गोळ्ये घेय, मधीच सोडी."

पू होतो तो जंतूंमुळे. साखर आटोक्यात नसली, जखम ओली राहिली, हाताळणी अस्वच्छ असली की जंतूंचं फावतं. ज्यांना माशांची ॲलर्जी नाही त्यांच्या टाक्यांना मासा काही करत नाही. आंबटाचंही तेच. जखम सांधणारे धागे विणायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं, आणि घरोघरी ऑपरेशनवालीचं लिंबू आणि आवळाच आधी बंद होतो.

मग मी विचारलं, "बाळंतपणात तुम्हाला काय दिलं होतं?"

"मुडदुशे," काकी लगेच म्हणाल्या. त्या माशांचं पातळ सार, कमी तिखट, सोबत मऊ भात. सांगता सांगता स्वतःच थांबल्या. "मगे तेव्हा माका चालला, आता कशाक चालाचा नाय?" सून तोंडाला पदर लावून हसली.

तिथून काम सोपं झालं. डॉक्टरांना फोन करून खाण्यावर काही बंधन नाही याची खात्री केली. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर ते विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. पेज ठेवली, पण तिच्यात मूगडाळ शिजवायची आणि वर चमचाभर तूप. सकाळी बटरऐवजी दूध घातलेली नाचणीची आंबील आणि एक उकडलेलं अंडं. दुपारी पातळ कुळथाची पिठी आणि भात. कुळथात शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, हे ऐकून सुनेला कुळीथ एकदम श्रीमंत वाटायला लागले. मिळतील त्या दिवशी मुडदुशे. रोज एक आवळा किंवा पेरू. लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं आणि कुंथायची भीती वाटत होती, म्हणून पाणी, लाल भोपळा, पालेभाजी. मुलाने मुंबईहून आणलेला प्रोटीन पावडरचा डबा तसाच होता. ज्याला खाणंच जात नाही त्याला तो उपयोगी पडतो. काकींना गरज नव्हती. पोट फुगणं, उलट्या, ताप, जखमेतून पाणी, यांतलं काही झालं तर माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरांकडे, हेही बजावलं.

सुनेला एक वेगळं सांगितलं: यांना सगळ्यांच्या आधी वाढा. आयुष्यभर शेवटी जेवलेल्या बाईला बसून खाताना लाज वाटते. भूक नाही म्हणतात त्यात ही लाजही बरीच असते.

निघताना काकींनी कमरेची डबी काढली. मिश्री, दातांना लावायची भाजलेली तंबाखू! मासे, अंडी, लिंबू, सगळं बंद करणाऱ्या त्या गोतावळ्यात मिश्री बंद कर म्हणणारं एकही माणूस निघालं नव्हतं. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आखडतात, जखमेकडे जाणारं रक्त कमी होतं.

पुढच्या भेटीला काकी एकट्या, एसटीने आल्या. चक्कर थांबली होती, अंगणात तुळशीपर्यंतचं चालणं आता बाजारापर्यंत गेलं होतं. मिश्री दिवसातून चारदा होती ती एकदावर आलीय. ती एकदाची सोडायला त्या तयार नाहीत, आणि मीही पाठ सोडलेली नाही.