वाचकांचे प्रश्न : आंबट, तुरट आणि कडू रस

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त तुर्कस्तानात असतो. तेथे जेवणाबरोबर गाजराचा खारट-आंबट रस पितात, असे तो सांगतो. अशी पद्धत आणखी कोठे आहे का आणि हा रस मुंबईत घरी करता येईल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपला भाचा सांगतो तो रस म्हणजे ‘शल्गम’. दक्षिण तुर्कस्तानातील अदाना आणि मेर्सिन या भागांत तो कबाबाबरोबर हमखास घेतला जातो. नाव सलगम या कंदाचे असले, तरी त्यात सलगम थोडाच असतो. गडद जांभळा रंग येतो तो काळ्या गाजराचा. गाजर, मीठ, पाणी आणि भरडलेल्या गव्हाचे आंबवलेले पीठ एकत्र मुरवले की, दही लावणाऱ्या जिवाणूंच्याच जातकुळीतील जिवाणू त्यात वाढतात आणि रस आंबट होतो. पोलंड आणि युक्रेनमध्ये बीट असेच आंबवतात, तर जर्मनीत आंबवलेल्या कोबीचा रस बाटलीबंद मिळतो. आपल्याकडे उत्तर भारतात होळीच्या सुमारास होणारी कांजी याच कुळातली आहे.

काळे गाजर मुंबईच्या बाजारात क्वचितच दिसते, त्यामुळे लाल गाजराबरोबर बिटाचे चार तुकडे घ्यावेत. उकळून गार केलेले पाणी, मीठ आणि मोहरीची भरड पूड घालून काचेची बरणी फडक्याने बांधून ठेवावी व रोज स्वच्छ चमच्याने ढवळावी. आपल्या दमट हवेत तीन दिवसांतच आंबटपणा येतो. मग बरणी फ्रिजमध्ये हलवावी. वर बुरशी दिसली, तर मात्र मोह न धरता सगळे टाकून द्यावे.

प्रश्न : गावी वेंगुर्ल्याला काजूच्या बोंडूंचा अक्षरशः सडा पडतो, पण रस काढला की घसा धरतो. यावर काही उपाय आहे का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : घसा धरतो तो टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणलेला. त्यामुळे या तक्रारीचे उत्तरही ब्राझीलनेच आधी शोधले, याचे नवल नाही. त्या देशाच्या ईशान्येकडील पियाउई राज्यात बोंडूच्या रसात जिलेटिन घालतात. ते टॅनिनला धरून तळाशी बसते, मग रस नितळ होईपर्यंत कापडातून पुन्हापुन्हा गाळतात आणि बाटल्यांत भरून त्या बाटल्याच पाण्यात ठेवून उकळतात, तेव्हा रसातील साखरेला मधासारखा रंग चढतो. ‘काजुइना’ नावाच्या या पेयात मद्यार्क नसतो आणि वरून साखरही घालत नाहीत. ते करण्याच्या परंपरेला ब्राझीलने २०१४ मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे मात्र बी काढून घेतले की बोंडू बहुधा झाडाखालीच कुजतो.

जिलेटिन प्राणिजन्य असल्याने ते चालत नसेल, तर लिटरभर रसाला सुमारे ५ ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून, गार करून मिसळावी. रात्रभर ठेवल्यावर गाळ तळाशी बसतो. वरचा नितळ रस अलगद ओतून घ्यावा. बोंडू मात्र त्याच दिवशी पडलेले, न फुटलेले हवेत, कारण ते फार लवकर आंबतात.

प्रश्न : सकाळी फिरायला गेल्यावर बागेबाहेर दुधी-कारल्याचा एकत्र रस घेते. तो रोज घेण्यास हरकत नाही ना?
— एक वाचिका, दादर

उत्तर : हरकत आहे, आणि ती या मिश्रणालाच आहे. एखादा दुधी कडू निघाला, तर त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. असा रस पोटात गेल्यास उलट्या, पोटातील रक्तस्राव आणि रक्तदाब एकदम घसरणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. यातून मृत्यूही झाले आहेत. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये, असा सल्ला दिला. कारले मुळातच कडू असल्याने त्यात दुधीचा कडूपणा कळणार कसा? रस घ्यायचाच असेल, तर घरी दुधीची लहानशी चकती आधी चाखून पाहावी, कडू लागल्यास अख्खा दुधी टाकून द्यावा, आणि रस प्यायल्यावर मळमळ किंवा पोटदुखी जाणवली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालयात जावे.