'आरोग्य साक्षरता' कुठे लिहावं आणि कुठे नको

नाशिकच्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीने विचारलंय: "परदेशात स्थलांतरित स्त्रियांची हेल्थ लिटरसी मोजतात. तशी पाहणी मला सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत करायची आहे. 'आरोग्य साक्षरता' हा शब्द बरोबर आहे का? आणि 'इमिग्रंट'ला काय म्हणू?"

प्रबंधाच्या शीर्षकात 'आरोग्य साक्षरता' खुशाल लिहा. मूळ इंग्रजी संज्ञाही काही पुराणकाळातली नाही. स्कॉट सायमंड्स यांनी १९७४ मध्ये ती आरोग्यशिक्षणाबद्दल लिहिताना वापरली. कुणी 'आरोग्यभान' सुचवतं. शब्द गोड आहे, पण भान येतं, सुटतं, हरपतं. त्याला गुण देता येत नाहीत. 'जागरूकता' तर फलकांवर आणि प्रभातफेऱ्यांत इतकी झिजली की तिच्यात अर्थ उरलेला नाही. तुम्हाला मोजायच्या आहेत चार गोष्टी: आरोग्याची माहिती मिळवता येते का, समजते का, खरी-खोटी पारखता येते का आणि वापरता येते का. साक्षरतेत 'अक्षर' आहे म्हणून हे सगळं त्यात मावणार नाही असं वाटेल. पण आपल्या जनगणनेतही ७ वर्षांवरच्या ज्या व्यक्तीला कुठल्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येतं तिलाच साक्षर धरतात. त्यातलं 'समजून' तुमच्या कामाचं.

खरी अडचण मोजण्यात आहे, आणि ती आपल्या लिपीमुळे येते. अमेरिकेत 'रिआल्म' नावाची चाचणी फार वापरली गेली. ६६ वैद्यकीय शब्दांची यादी समोर ठेवायची आणि मोठ्याने वाचायला सांगायचं. 'जॉन्डिस', 'कोलायटिस', 'फटीग' असे शब्द. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा छत्तीसचा आकडा, त्यामुळे जिने तो शब्द आधी ऐकला-वापरला आहे तीच नीट वाचते. वाचन हेच ओळखीचं माप होतं. हीच यादी देवनागरीत आणली की ती निकामी होते. बाराखडी आलेली चौथीतली मुलगीसुद्धा 'मूत्रपिंड' खणखणीत वाचेल आणि ते शरीरात कुठे असतं हे तिला ठाऊक नसेल. स्पॅनिशचंही असंच, लिहितात तसंच वाचतात. म्हणून अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषकांसाठी २००६ साली वेगळी चाचणी केली गेली. तिच्यात ५० शब्द आहेत. शब्द वाचून झाला की दोन पर्याय देतात आणि त्यांतला कोणता त्या शब्दाशी जुळतो ते विचारतात. 'माहीत नाही' म्हणायची मुभाही असते. मराठीला हीच वाट सोयीची. 'कावीळ' म्हटल्यावर 'पिवळे डोळे' की 'खोकला'? वाचता न येणारीला तोंडी विचारता येतं, हा वर फायदा.

मात्र शब्द निवडताना कोश बाजूला ठेवा. 'गर्भाशय काढले' असं दवाखान्याच्या कागदावर असतं. बायका 'पिशवी काढली' म्हणतात. श्वेतप्रदराला 'अंगावरून पांढरं जातं'. मधुमेहाला 'शुगर'. गोळीचं पाकीट, तपासणीच्या तारखेची चिठ्ठी असं काही हातात देऊन प्रश्न विचारायची पद्धतही जुनी आहे (१९९५ च्या 'टोफ्ला' चाचणीचा एक भाग तसाच आहे). तसं करणार असाल तर 'उपाशीपोटी' हा शब्द जपून वापरा. खेड्यातली म्हातारी 'अनशापोटी' म्हणेल. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली 'खाली पेट' म्हणेल, आणि ते ऐकून आपली बाई पोटाखाली काय झालं म्हणून विचारील. त्या बायकांना मराठी पर्चा देऊन तुम्ही त्यांची मराठी मोजाल, आरोग्याची समज नव्हे. त्यांच्यासाठी प्रश्न हिंदीतच हवेत, जमल्यास भोजपुरी येणाऱ्या कुणाकडून ऐकवून तपासलेले.

दुसरी पद्धत स्वतःबद्दल विचारायची. २०११ मध्ये युरोपातल्या ८ देशांत ४७ प्रश्नांची पाहणी झाली, अमुक गोष्ट तुम्हाला किती सोपी किंवा अवघड वाटते अशी. इथे मराठी मदतीला येते: 'सोपं जातं', 'अवघड जातं', 'जड जातं' हे आपलं रोजचं बोलणं. 'सुलभ' आणि 'क्लिष्ट' घालून त्याचा सरकारी फॉर्म करू नका. त्या पाहणीत दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला कधी घ्यावा हे ठरवता येतं का, असाही प्रश्न आहे. भाषांतरकार तिथे 'द्वितीय मत' लिहून मोकळे होतात. मग निवडणूक आहे का काय असं वाटतं. 'दुसऱ्या डॉक्टरला कधी दाखवायचं हे ठरवणं सोपं जातं की अवघड?' एवढं पुरे. आणि 'डॉक्टर सांगतात ते समजतं का?' असं सरळ विचारूच नका. भिडेखातर सगळ्या 'हो' म्हणतील. 'काय सांगितलं?' असं विचारा.

आता 'इमिग्रंट'. परदेशातून येऊन राहणाऱ्यांना कोशात 'आप्रवासी' आहे, तो परदेशी संशोधनाचा आढावा घेताना वापरा. नाशिकच्या बायकांसाठी 'स्थलांतरित'. 'परप्रांतीय' टाळा, त्याला आपल्याकडे राजकारणाचा वास आहे. शिवाय पेठ-सुरगाण्याहून बांधकामावर किंवा द्राक्षाच्या हंगामात येणारी बाई प्रांत सोडून आलेली नसते, जिल्हासुद्धा नाही. तरी घरात कोकणी, म्हणजे कुकणा ही आदिवासी बोली, बोलणारी असेल तर तुमचं शहरी मराठी तिलाही जड जाईल. तिला गाळू नका. फॉर्मवर तर 'आरोग्य साक्षरता' नकोच, 'स्थलांतरित' हाही शब्द नको. 'गाव कोणतं?' हेही फसवं आहे, कारण एक माहेर सांगेल, दुसरी सासर. 'नाशिकला यायच्या आधी कुठे राहत होतात, आणि इथे येऊन किती वर्षं झाली?' असं विचारा.