टीव्हीच्या बातम्यांवरचा लोकांचा विश्वास ब्लॉगमुळे उडाला का?

ब्लॉगमुळे नाही, टीव्हीनं तो आधीच घालवला होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे इथे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या टीव्हीत चार चौकटींत चार जण भांडतायत! कुठला रस्ता बंद, ते कळलं धरमपेठेतल्या एका ब्लॉगवाल्या पोराकडून. (त्यानंही दुपारी एक जुना फोटो खपवला, पण कुणी टोकल्यावर काढून माफी मागितली.)

मूळ दुखणं टीआरपीचं, म्हणजे कुठली वाहिनी किती पाहिली जाते त्या आकड्यांचं. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला, मग हे आकडे मोजणाऱ्या बार्क या संस्थेनं वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद ठेवले. आरडाओरडा मात्र तेव्हाही तेवढाच होता.