आमच्या वस्तीतल्या तरुण मुलांकडूनच 'ओळख आणि बदलतं शहर' या विषयावर संशोधन करून घ्यायचं आहे. सुरुवात कुठून करू?

प्रश्नावलीपासून करू नका. मी मुंबईच्या गिरणगावात, डिलाईल रोडला, कॉलेजच्या बारा पोरांसोबत वर्षभर हे केलं आणि पहिले दोन महिने तिथेच वाया घालवले. आमच्या कागदावरचा पहिलाच प्रश्न होता, 'खोली कुणाच्या नावावर?' तिथल्या जुन्या सरकारी बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची बोलणी चाललेली, १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचं घर मिळणार म्हणून सगळे पात्रतेच्या धास्तीत. पुनर्विकासाचं काम म्हाडाकडे, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाकडे. एका आजींनी आमच्या गटातल्या मुलीला विचारलं, "तू वरच्या मजल्यावरची ना गं? म्हाडात कधी लागलीस?"

'ओळख' हा शब्दही सोडला. तो ऐकला की मुलं एक तर गप्प होतात, नाहीतर जात सांगतात. शेवटी त्यांच्यातल्याच एकाने प्रश्न काढला: टॅक्सीवाल्याला पत्ता काय सांगता? आणि लोक बोलायला लागले. आजोबा गिरणीचं नाव सांगतात, जिचा भोंगा १९८२ च्या संपानंतर बंद पडला तो पडलाच. वडील डिलाईल रोड म्हणतात, पाटीवर ना. म. जोशी मार्ग असला तरी. नोकरीच्या अर्जात मुलगी लोअर परळ लिहिते, आणि बिल्डरच्या जाहिरातीत आसपासच्या जागेचं 'अप्पर वरळी' झालेलं असतं. गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं हे मी आधी तासभर समजावलं होतं, ते कुणाच्या लक्षात नव्हतं. या चार पत्त्यांवरून मात्र पोरं स्वतःच जुने नकाशे शोधायला लागली.

हातानेही नकाशे काढून घ्या, मुलामुलींचे वेगवेगळे. आमच्या चार मुलींनी मॉल दाखवला तो दुकानांसाठी नाही, तिथल्या स्वच्छतागृहासाठी. चाळीत संडास सामाईक. मी असा प्रश्न जन्मात विचारला नसता.

मुंबईत 'पुकार' ही संस्था युवा फेलोशिपमधून हे काम बरीच वर्षं करत आली आहे. तिथे विषय मुलांचा गटच ठरवतो. संस्थापक, मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई तर संशोधनाला हक्कच म्हणतात. त्यांची पद्धत जरूर बघा.

एक आधीच ठरवून ठेवा, रेकॉर्डिंग कुणाच्या ताब्यात राहणार. आमच्याकडे एका प्राध्यापकांनी ती मागितली. मुलांनी हात वर करून मतदान घेतलं. द्यावीत असं म्हणणारा मी एकटाच निघालो.